थॅलियमच्या स्फटिकाची रजा

सृष्टीत कोणालाही सगळे दिसत नाही, ही गोष्ट शास्त्राला फार पूर्वी कळली. कचेऱ्यांना ती त्याच्याही आधी कळलेली होती. म्हणून तर कचेरीत विभाग पाडतात. एका विभागाला दिसते ते दुसऱ्याला दिसू नये, आणि जे कोणालाच दिसत नाही त्यावर वरिष्ठांनी भाषण करावे, अशी सर्वसाधारण व्यवस्था असते.

कामिसे विद्यापीठाच्या भूद्रव्य संशोधन केंद्राला ही व्यवस्था एका यंत्रातच बसवून मिळाली होती. तळमजल्यावरच्या या यंत्रात घासून चकचकीत केलेला दगड ठेवायचा आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सोडायचा. मार बसला की दगड क्ष-किरण सोडतो (मार बसल्यावर माणूस काय बोलेल याचा नेम नसतो, दगड खरे तेच बोलतो). प्रत्येक मूलद्रव्याचा किरण वेगळा. हे किरण एका वक्र स्फटिकावर येऊन पडतात, आणि स्फटिक ज्या कोनात वळवलेला असेल त्या कोनात बसणारा एकच किरण तो पुढे मोजणीला पाठवतो. बाकीचे किरण आलेच नव्हते अशा थाटात तो बसून राहतो.

एका स्फटिकाला सगळी मूलद्रव्ये दिसत नाहीत, त्यामुळे स्फटिकांचे प्रकार करावे लागतात. त्यांची शास्त्रीय माहिती केंद्राच्या माहितीपत्रकात आहे. व्यवहारात ते असे होते.

पहिला लिफ, म्हणजे लिथियम फ्लोराइडचा. हा अंगाने कणखर. उन्हाळा, पावसाळा, दमट हवा, याला कशाचे काही वाटत नाही. लोखंड, मँगेनीज, निकेल अशा वजनदार मंडळींशीच याचे बोलणे. हलक्यांकडे तो बघतही नाही. याला पाहिले की कार्यालयप्रमुख उशिओदा-सान यांची आठवण येते, असे म्हणणारे लोक केंद्रात होते. उशिओदा-सान खोलीत नसताना ते तसे म्हणत.

दुसरा पेट. याचे पुरे नाव पेंटाएरिथ्रिटॉल, पण ते म्हणेपर्यंत मोजणी संपते. सिलिकॉन, कॅल्शियम, पोटॅशियम असा मध्यमवर्ग याच्या नजरेत येतो. स्वभावाने मऊ. खोली थोडी तापली की हा फुगतो, आणि मग तो जे सांगतो ते मूळ जागेपासून जरासे सरकलेले असते. खोटे नसते, नुसते सरकलेले असते. प्राध्यापकांच्या सभेत बहुमत या प्रकाराचे आहे.

तिसरा टॅप, थॅलियमचा. विषारी, नाजूक आणि दमट हवेचा वैरी. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम ही जी किरकोळ मंडळी, ज्यांच्यावाचून रस्त्यावरचा साधा दगडही पुरा होत नाही, ती नीट दिसतात ती यालाच. असा इसम कोणत्याही कचेरीत अडचणीचाच ठरतो.

चौथा बहुस्तरी. हा स्फटिक नव्हेच. टंगस्टन आणि सिलिकॉनचे पातळ थर एकावर एक चढवून केलेला, पण स्फटिकाच्या जागेवर बसतो आणि स्फटिक म्हणूनच ओळखला जातो. याला ऑक्सिजन दिसतो, म्हणजे दगडाचा जवळजवळ निम्मा ऐवज दिसतो. तरी तो कंत्राटी असल्यामुळे त्याला कोणी विचारत नाही आणि ऑक्सिजन आपला हिशेबाने धरतात. याशिवाय शिशाच्या साबणाचा एक जुना स्फटिक खणात आहे. तो मानद आहे.

या यंत्रावर एनोमोतो शिन्या बसत असे. वय अडतीस, हुद्दा सहायक प्राध्यापक, नेमणूक मुदतीची, आणि मुदतीचे हे शेवटचे वर्ष. मार्चअखेर ती वाढवायची की नाही हे केंद्राचे संचालक कादोवाकी सेन्सेइ (म्हणजे कादोवाकी सर) ठरवणार होते. सेन्सेइ स्वतः त्याच मार्चअखेर निवृत्त होत होते. एनोमोतोची मुलगी एप्रिलात पहिलीत जायची होती. तिचे लाल चामडी दप्तर आजीने आधीच घेऊन दिले होते, आणि ते रिकामे दप्तर पाठीला लावून पोरगी घरभर मिरवत असे. ते पाहिले की एनोमोतो मार्चअखेरपर्यंतचे आठवडे मोजू लागे.

आता या दोघांना बांधणारी एक रीत सांगायला हवी. नवे खनिज सापडले की त्याला थोरामोठ्यांचे नाव देतात, पण स्वतः शोधलेल्या खनिजाला स्वतःचे नाव देता येत नाही. त्यामुळे थोर माणसाला हाताखाली कोणीतरी कर्तबगार माणूस ठेवावा लागतो, आणि त्या माणसाला काही सापडेपर्यंत थोरपणाने वाट बघावी लागते. कादोवाकी सेन्सेइंच्या गुरूंच्या नावाचे खनिज होते. वर्गमित्रांच्या नावांची होती. वर्गातल्या हाशिझुमे बाईंच्या नावाची तर दोन होती, एक आडनावाने आणि एक नुसत्या नावाने. सेन्सेइंच्या नावाचे काहीच नव्हते. याविषयी ते कधी बोलत नसत, आणि ते बोलत नाहीत हे सगळ्यांना ऐकू येत असे.

मे महिन्यात एके सकाळी सेन्सेइ रुमालात काहीतरी गुंडाळून खाली आले.

“हे बघ, एनोमोतो-कुन. त्या बंद खाणीकडे सहज फिरायला गेलो होतो, तर हे पायाला लागलं. नवीन असेल असं काही मी म्हणत नाही हं.”

“हो, सेन्सेइ.”

“आणि निघालंच नवीन, तर माझं नावबिव द्यायच्या भानगडीत पडू नकोस. मला असलं आवडत नाही.”

“हो, सेन्सेइ.”

“कादोवाकाइट! कानाला तरी बरं लागतं का ते? कादोवाकाइट.” असे म्हणत सेन्सेइ जिना चढले. वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ते नाव ऐकू येत होते.

रुमालात मधाच्या रंगाचे, पैलूदार टपोरे दाणे होते. आपल्याकडे सराफ ज्याला गोमेद म्हणून अंगठीत बसवतात आणि वर राहूची भीती घालतात, त्याचेच हे गरीब भाऊबंद. खनिजशास्त्रात याला गार्नेट म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात दाखवतात. एनोमोतोने ते रुमालाची गाठ सुटतानाच ओळखले. पण ओळखणे वेगळे आणि मोजणे वेगळे, एवढे शिक्षण त्याचे झालेले होते.

मोजणी जूनमध्ये झाली, म्हणजे ऐन पावसात. लिफ म्हणाला, लोखंड सोळा. पेट म्हणाला, सिलिका सदतीस, चुना पस्तीस. बेरीज अठ्ठ्याऐंशी. खनिजाची बेरीज शंभराच्या आसपास यावी लागते. तशी ती आली नाही, तर काहीतरी पाहायचे राहिले असे समजतात. एनोमोतोने बटण दाबले, यंत्राच्या पोटात खट्कन आवाज होऊन स्फटिक फिरला आणि टॅप समोर आला. पडद्यावरची रेघ ॲल्युमिनियमच्या जागी आली आणि अशी काही वर चढली की एनोमोतोने नजर दुसरीकडे वळवली. ॲल्युमिना बारा. बेरीज बरोबर शंभर. आयुष्यात इतकी सुंदर मोजणी त्याच्या हातून झाली नव्हती, आणि त्याला रडू यायचे तेवढे बाकी राहिले.

तो वर गेला.

“सेन्सेइ, बेरीज शंभर आली.”

“वा! मग तोंड असं का?”

“टॅप लावल्यावर आली. ॲल्युमिनियम निघालं.”

सेन्सेइंनी खिडकीबाहेर पाहिले. पाऊस कोसळत होता. “टॅप? या दिवसांत? अरे, या दिवसांत आमच्याकडे तातामीच्या चटयांना वास येतो, माझे गुडघे धरतात, आणि तू टॅपचं ऐकतोस? त्याची तब्येत बरी नसेल.”

“गेल्या महिन्यात प्रमाणित नमुन्यावर तपासला होता, सेन्सेइ. ठणठणीत होता.”

“गेल्या महिन्यात मीही ठणठणीत होतो. टॅपशिवाय किती येतं?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“म्हणजे बारा कमी.” सेन्सेइंनी पुन्हा पावसाकडे पाहिले. “पाणी असेल.”

बेरीज कमी पडली की उरलेले पाणी धरावे, ही पद्धत जुनी आणि मान्यवर आहे. पुष्कळ खनिजांत खरोखरच पाणी असते. शिवाय पाण्यातला हायड्रोजन या यंत्रातल्या कोणत्याच स्फटिकाला दिसत नाही. तेव्हा तो नाही असे सिद्ध करायला कोणी पुढे येत नाही. तो दगड क्ष-किरणांनी आतून तपासण्याचे दुसरे एक यंत्र शेजारच्या विभागात होते, पण एका वर्षअखेरच्या मेजवानीत गाण्याचा माइक कोणी आधी धरायचा यावरून दोन्ही विभागांचे बोलणे बंद होते. विज्ञानाची सगळी दारे अशी रीतसर बंद झाल्यावर प्रश्न टॅपचा उरला.

हा प्रश्न सभेत आला. टॅप बिघडला आहे असे लिहावे, अशी सूचना निघताच उशिओदा-सान उठून उभे राहिले. उन्हाळ्यात वीज वाचवण्यासाठी इमारतीतले वातानुकूलन अठ्ठावीस अंशांवर ठेवायचे हा नियम ते डोळ्यांत तेल घालून सांभाळत. यंत्राच्या खोलीला बावीस अंश लागतात असा एनोमोतोचा अर्ज त्यांच्याकडे तीन उन्हाळे पडून होता.

“स्फटिक बिघडला म्हणता? कशाने बिघडला?” उशिओदा-सान म्हणाले. “उकाड्याने आणि दमट हवेने. उकाडा आणि हवा हे खातं कोणाचं? कार्यालयाचं. म्हणजे चूक कार्यालयाची झाली. कार्यालय चुकत नाही. तेव्हा स्फटिक बिघडलेला नाही.”

“मग वापरतो,” एनोमोतो म्हणाला. त्याच्या छातीवरचे ओझे क्षणभर उतरले होते.

“छे छे! एवढा चांगला स्फटिक, आणि असल्या हवेत वापरता? उद्या बिघडला तर जबाबदार कोण? त्याला रजा द्या.”

सभेला हे फार पटले. बिघडलेल्या वस्तूची चौकशी करावी लागते, चांगल्या वस्तूला नुसती विश्रांती द्यावी लागते. टॅपला काचेच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या गादीवर निजवून बरणी कपाटात ठेवण्यात आली. हवा कोरडी होईपर्यंत रजा, असा ठराव झाला. केंद्र ज्या समुद्रकिनाऱ्यावर आहे तो असा आहे की उन्हाळाभर पाऊस आणि हिवाळाभर ओले बर्फ. हवा कोरडी झाल्याचे तिथे म्हातारी माणसे सांगतात, पण त्यांनाही वर्ष आठवत नाही.

यानंतर केंद्राची जी भरभराट झाली ती अपूर्व म्हणावी लागेल. टॅप नसल्यामुळे कोणत्याच दगडाची बेरीज शंभर येईना, आणि बेरीज न आलेला प्रत्येक दगड विज्ञानाला नवा होता. पहिला मान कादोवाकाइटचा. सप्टेंबरात दारातल्या पायरीत एक नवे खनिज सापडले. ऑक्टोबरात उपसंचालकांच्या बागेत दोन. मोटारी लावतात तिथल्या खडीत उशिओदा-सान यांच्या बुटाखाली एक सापडले (उशिओदाइट, पाणी एकोणतीस टक्के). नव्या खनिजांच्या बाबतीत केंद्र आता देशातल्या सगळ्या खाणींच्या पुढे होते, आणि त्यासाठी कोणाला इमारतीबाहेर फारसे जावे लागले नव्हते. गावातल्या मिठाईवाल्याने कादोवाकी मान्जू, म्हणजे वाफवलेले गोड गोळे, काढले. त्यांच्यात लाल कडधान्याचे गोड सारण होते आणि खोक्यावर ‘बारा टक्के पाणी’ असे अभिमानाने लिहिले होते.

नोव्हेंबरात एनोमोतोने एक प्रयोग केला. तो का केला हे त्यालाही सांगता आले नसते. बहुधा जीव गुदमरल्यामुळे केला. बियरच्या रिकाम्या डब्याचा तुकडा कापून त्याने यंत्रात ठेवला. डबा ॲल्युमिनियमचा. लिफला त्यात चिमूटभर मँगेनीज दिसले. पेटला काही दिसले नाही. एकूण बेरीज एक टक्का. तो आकडा त्याने उशिओदा-सान यांच्यापुढे ठेवला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिले.

उशिओदा-सान यांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला. “म्हणजे नव्व्याण्णव टक्के पाणी.”

“डबा आहे हो तो, उशिओदा-सान! टणक आहे. वाजवून बघा.”

“बियरचा आहे ना? मग पाणी असायचंच. एवढ्याशा गोष्टीला घाबरताय काय? मला तर उलट पद्धत पक्की वाटायला लागली.”

त्या संध्याकाळी कादोवाकी सेन्सेइंनी एनोमोतोला स्टेशनामागच्या, गरम रश्शातल्या ओदेनच्या दुकानात नेले. कढईतला मुळा त्यांनी फुंकून खाल्ला. मग एकदम म्हणाले, “एनोमोतो-कुन, ते गार्नेट आहे रे.”

एनोमोतोने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

“चाळीस वर्षं दगड हाताळतोय. खाली वाकून उचललं तेव्हाच समजलं होतं. म्हटलं, तू मोजशील, हसशील, मीही हसेन, संपलं. पण तू नुसतं ‘हो, सेन्सेइ’ म्हणालास.”

“तुम्हीच नाव पुन्हापुन्हा म्हणत होतात, सेन्सेइ.”

“म्हणून बघत होतो कसं लागतं ते.” म्हाताऱ्याने मुळ्याचा तुकडा कडेला सारला. “माझ्या नावाची वाळूसुद्धा नाही कुठे. पुढच्या वर्षी ही खोली दुसऱ्याची होणार आणि दारावरची पाटी पोरं काढून टाकणार. आता निरोपसमारंभाच्या पत्रिका छापून झाल्यात. मान्जूसुद्धा झाले. काय करू, सांग.”

एनोमोतोला सेन्सेइंची दया आली, अगदी मनापासून आली. सेन्सेइंना ती दिसली असावी, कारण त्यांनी ताबडतोब पुढे जोडले, “तुझी मुदतवाढ मी लिहून ठेवलीय. तारीख तेवढी घालायची राहिलीय.” दया थोडी कमी झाली.

निरोपसमारंभ फेब्रुवारीत, गरम झऱ्यांच्या हॉटेलात झाला. बाहेर ओले बर्फ पडत होते. मखमलीच्या पेटीत कादोवाकाइट ठेवले होते आणि शेजारी मान्जूंची चळत होती. भाषणे झाली. अर्ज नावे ठरवणाऱ्या परदेशातल्या समितीकडे जायचा होता आणि उत्तराला सहज वर्ष लागणार होते, पण अर्ज जाणार म्हणजे नाव मिळाल्यातच जमा, असा अर्थ केंद्राने लावला होता. उशिराच्या गाडीने हाशिझुमे बाई आल्या. गळ्यात भिंग तसेच लटकत होते. कोट काढायच्या आत त्या पेटीवर वाकल्या.

“कादोवाकी-कुन,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “दुसऱ्या वर्षाच्या सहलीत आपण टोपी भरभरून हे दाणे वेचले होते, त्यातलाच एक जपून ठेवलेला दिसतोय की रे तू!”

उशिओदा-सान यांचा झिंगा तोंडाच्या अलीकडे थांबला. सेन्सेइ हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. त्यांची मान अशी खाली गेलेली एनोमोतोने कधी पाहिली नव्हती.

बाई एनोमोतोकडे वळल्या. “तू मोजलंस ना बाळा? काय निघालं?”

एनोमोतोने ॲल्युमिनियम म्हणायचे ठरवले. हे खरे आहे. त्याने ठरवले होते, तोंड उघडलेही होते. मग त्याला रिकामे लाल दप्तर आठवले, आणि सेन्सेइंची खाली गेलेली मान तर समोरच होती.

“पाणी,” तो म्हणाला.

“पाणी? किती?”

“बारा टक्के.”

बाईंनी भिंग मिटले. त्यांनी एनोमोतोकडे पाहिले, मग सेन्सेइंकडे पाहिले, आणि तिथे त्या जरा जास्त वेळ थांबल्या. दोन खनिजांच्या त्या बाईला तिथे काय दिसले कोण जाणे. “बारा टक्के,” त्या हळूच म्हणाल्या. “तरीच एवढा ताजातवाना दिसतोय.” आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. एनोमोतोचे कान लाजेने तापले होते, आणि लोकांना ते विनयाने तापलेले वाटले. सेन्सेइंनी टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून मुदतवाढीवर तारीख घातली.

अशा रीतीने सर्वांचे कल्याण झाले. अर्ज तयार आहे, त्यावर एनोमोतोच्या सहीचा शिक्का झालेला आहे, फक्त एका गोष्टीसाठी तो अडून राहिला आहे. केंद्राच्या नियमानुसार अर्जावर एक साक्षीदार लागतो. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा, त्याने सर्व प्रकार प्रत्यक्ष पाहिलेला असावा आणि कोणत्याही टप्प्यावर आक्षेप घेतलेला नसावा. केंद्रातले कोणी चालत नाही, कारण प्रत्येकाचे स्वतःचे खनिज रांगेत आहे. हाशिझुमे बाई उशिराने आल्या. पुष्कळ शोध घेतल्यावर केंद्राच्या असे लक्षात आले की या अटींत बसणारी व्यक्ती एकच आहे. आपण पहिल्या ओळीपासून इथे हजर आहात. गार्नेट आहे हे आपल्याला वेळेवर कळले होते, आणि बाईंनी विचारले तेव्हा एनोमोतोने ‘पाणी’च म्हणावे असे आपल्यालाही आतून वाटले, नाही म्हणू नका, आपला चेहरा दिसत होता. तरी कृपया डावीकडच्या चौकटीत सही करावी. शिक्का जवळ नसेल तर अंगठा चालेल.